एका बाईला किती वेळा विधवा करायचं?

घरात कोणी आजारी पडलं की गल्ली त्याची चौकशी करते. त्याचं करणाऱ्याची चौकशी करायची रीत आमच्याकडं तेव्हा नव्हती, आणि खरं सांगायचं तर आजही फारशी नाही. "सासू कशी आहे?" असं मला सगळ्यांनी विचारलं. "तू जेवलीस का?" हे विचारणारं माणूस मिळायला फार दिवस लागले, आणि ते जिच्या तोंडून आलं तिच्याकडून मी त्याची आशा कधीच केली नव्हती. हे सगळं मी गोड करून सांगणार नाही. मला ते जमतही नाही. माहेरी चाकूरला माझी आजी म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही. खरंच नव्हतं.

माझं सासर बिलोलीचं. निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, पण ते तेव्हा आम्हाला कुठं माहीत! आमच्या लेखी ते कायमचंच होतं. सासरे तहसील कचेरीत मुन्शी होते. उर्दू अक्षर मोत्यासारखं, म्हणून तहसीलदारसाहेब तालुक्याच्या दौऱ्यावर निघाले की मामंजींना बरोबर न्यायचे. गाड्यांवर तंबू नि दप्तरं लादली जायची आणि ही मंडळी गावोगाव फिरत राहायची. सासूबाई त्यांना दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या बांधून द्यायच्या आणि मग निवांत राहायच्या. नवरा दौऱ्यावर गेला की त्यांच्या चेहऱ्यावर एक सुट्टीचं सुख यायचं. त्यांचा संसार असाच झाला होता, अर्धा नवऱ्याबरोबर आणि अर्धा त्याची वाट बघण्यात.

मामंजी असतानाच सासूबाईंचं विसरणं सुरू झालं होतं. आमटीत दोनदा मीठ पडायचं, कधी पडायचंच नाही. चांदीची वाटी ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवायच्या आणि मग ती मी चोरली म्हणून ओसरीवर उभ्या राहून ओरडायच्या. दोन घास पोटात जाऊन पाणी पिऊन झालं की शेजारच्या भिंतीवरून हाक मारायच्या, "ओ माय, भाकर हाय का? आमची सून उपाशी मारून राहिली मला." शेजारणी पुण्य मिळवायला टपलेल्याच. भाकरी, ठेचा, काय असेल ते भिंतीवरून यायचं, आणि संध्याकाळी पोट बिघडलं की लुगडी मी धुवायची. पुण्य त्यांचं, लुगडी माझी.

मग पावसाळ्यात ताप येऊन मामंजी गेले. पुरुषांनी त्यांना नेलं, बायकांनी सासूबाईंच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्या खूप रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चूळ भरली आणि मला विचारलं, "हे उठले न्हाईत का अजून?"

माझे यजमान तिथंच होते. ते शाळेत मास्तर. स्वभावानं गरीब, खरं बोलायची सवय. ते म्हणाले, "आई, बाबा गेले काल." सासूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि हंबरडा फोडला. जसा आदल्या दिवशी फोडला होता अगदी तसाच, थोडाही कमी नाही. दुपारपर्यंत रडून रडून गळून गेल्या, थोडा डोळा लागला, उठल्या. "हे उठले न्हाईत का?"

सुतकाचे दिवस असेच गेले. विचारायच्या, कोणीतरी खरं सांगायचं, की पुन्हा तोच हंबरडा. आलेल्या बायका म्हणायच्या, "रडू दे, दुःख बाहेर पडू दे." अगं बायांनो, दुःख बाहेर पडतंय कुठं? ते रोज नव्यानं आत जातंय! माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: एका बाईला किती वेळा विधवा करायचं? शास्त्रात एकदाच लिहिलंय ना?

एका सकाळी त्यांनी मला विचारलं तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. मी चुलीपुढं होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मामंजी दौऱ्यावर गेलेत."

"अस्सं," सासूबाई म्हणाल्या. "कुठं? देगलूरकडं?"

"हाव. देगलूरकडं."

"दशम्या दिल्यास का?"

"दिल्या."

त्या ओसरीवर जाऊन बसल्या आणि सुपातले तांदूळ निवडायला लागल्या. तोंडावर तेच जुनं सुट्टीचं सुख. त्या दिवशी आमच्या घरात कोणी रडलं नाही. मी ठरवलं, आता हेच. खोटं तर खोटं.

पण खोट्याला पाय फुटतात. नवरा दौऱ्यावर असलेल्या बाईचं कपाळ मोकळं कसं? सासूबाईंनी आरशात पाहिलं आणि घाबऱ्या झाल्या. "माझं कुंकू कुणी पुसलं? हे येतील तर काय म्हणतील?" मेणाची डबी शोधत घरभर हिंडल्या. रडवेल्या झाल्या. मी त्यांना समोर बसवलं, कपाळाला मेण लावलं आणि वर कुंकू टेकवलं. त्यांनी आरशात बघून मान हलवली, बरं झालं अशी, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांना कुंकू लावणं माझं कामच झालं.

गल्लीत काय झालं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. नवरा जाऊन महिना झालेली बाई कुंकू लावून ओसरीवर बसली आहे! सांगणाऱ्यांची रांग लागली. मेलेल्याला गती मिळणार नाही. माझ्या यजमानांचं आयुष्य कमी होईल. कोणी म्हणालं शंखपुष्पी द्या, कोणी म्हणालं अंगात काही आहे, उतरवून घ्या. कोणी म्हणालं आतल्या खोलीत ठेवा आणि कडी लावा, म्हणजे कोणाला दिसायला नको. नणंद तिच्या सासरहून चार दिवस आली. आईनं तिला बरोबर ओळखलं, नावानं हाक मारली, छान गप्पा मारल्या. नणंद म्हणाली, "आईला काही झालं न्हाई वहिनी, तुम्हीच बाऊ करताय." आणि गाडीत बसून निघून गेली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! ती गेल्यावर सासूबाईंनी मला विचारलं, "ही कोण बाई आली होती?" वर म्हणाल्या, "तू बरी हाईस. आमच्या सुनेपेक्षा स्वयंपाक चांगला करतेस." मला त्या स्वयंपाकीण समजत होत्या. सून म्हणून जे कौतुक कधी मिळालं नाही ते स्वयंपाकीण म्हणून मिळालं. मी हसले आणि मग मोरीत जाऊन रडले.

सरकारी युनानी दवाखान्यातल्या हकीमसाहेबांना यजमानांनी घरी आणलं होतं. त्यांनी सासूबाईंची नाडी पाहिली, चाटायला कसलासा खमीरा दिला, आणि उठता उठता मला म्हणाले, "बेटी, हात दे." माझी नाडी धरून बराच वेळ बसले. "यांना दवा देऊन फार फरक पडणार नाही," म्हणाले. "फिकीर मला तुझी आहे." असं बोलणारं पहिलं माणूस ते. पण हकीमसाहेब काय रोज येणार होते? ते गेले आणि मी परत लुगडी धुवायला बसले.

गल्लीतलं सगळ्यात तिखट तोंड म्हणजे समोरच्या काकी. आमच्या सगळ्यांच्या त्या काकीच. लग्न झालं तेव्हा परकर नेसायच्या, नवरा गेला तेव्हाही परकरच नेसत होत्या. तेव्हापासून डोक्यावरचे केस गेले, अंगावर तांबडं आलवण आलं, आणि दुसऱ्यांच्या घरचं सोवळ्यातलं रांधणं हेच आयुष्य झालं. मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं, कुठंच त्यांना बसायला पाट नव्हता. श्राद्ध असलं की मात्र पहिलं बोलावणं त्यांना. सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकू त्यांना जेवढं खुपलं तेवढं कोणालाच नाही. एकदा आमच्या ओसरीसमोर उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "आम्ही जन्म जाळला आमचा. हिलाच बरी सूट मिळाली."

मी म्हणाले, "काकी, ही सूट नाही, हा आजार आहे."

"आजार बरा सापडला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. यजमान म्हणाले, त्या दिवसापुरतं आईला शेजारी ठेवू. कोण ठेवून घेणार? भिंतीवरून भाकरी देणाऱ्यांनी सगळ्यांनी अंग काढून घेतलं. मग मीच सासूबाईंना परसात तुळशीपाशी बसवलं, हातात वाती वळायला कापूस दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत काकी सोवळ्यात वडे तळत होत्या. गुरुजी पाटावर बसले होते.

खमंग वास सुटला तशा सासूबाई कापूस टाकून आत आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. "आज काय हाय? कुणाचं श्राद्ध?"

"मामंजींच्या वडिलांचं," मी म्हणाले. तोंडाशी तयारच होतं.

गुरुजींनी त्यांच्याकडं पाहिलं आणि पळी खाली ठेवली. म्हणाले, हे कुंकू पुसल्याशिवाय आपण इथं बसणार नाही. यजमान पिंडांपुढं बसून माझ्याकडं बघायला लागले. मी काही बोलायच्या आत काकी चुलीपासून उठून दारात आल्या.

"वैनी," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "हे श्राद्ध तुमच्या नवऱ्याचं हाय. वर्ष झालं त्यांना जाऊन. पुसा ते कपाळ."

सासूबाई खाली बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच. मग तो हंबरडा आला. वर्षभर मी ज्याला घराबाहेर ठेवलं होतं तो घरात आला. त्यांनी स्वतःच कपाळ जमिनीवर घासलं. कुंकू फरशीवर, गालावर, डोळ्यांत. काकींनी आपलं म्हणणं खरं केलं होतं, गुरुजींचं काम झालं होतं. श्राद्ध पार पडलं. मी सासूबाईंना आतल्या खोलीत मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर मंत्र चालू होते आणि मला वाटत होतं की या सगळ्यांच्या पानात राख वाढावी.

गुरुजी जेवून गेले. काकी मागचं आवरत होत्या. सासूबाईंचा डोळा लागला होता, त्या उठल्या. तोंड सुजलेलं, केस विस्कटलेले. दारापाशी येऊन त्यांनी वड्यांच्या ताटाकडं पाहिलं आणि काकींना विचारलं, "आज गोडाधोडाचं कामून केलंय? हे आले का दौऱ्यावरून?"

काकींच्या हातातली परात तशीच राहिली.

मी म्हणाले, "सांगा आता काकी. परत सांगा. मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा. आत्ता सांगा, मग दिवे लागले की सांगा, उद्या सकाळी या, परत सांगा. रोज या. मी पाट मांडून ठेवते." मी ओरडत होते. गल्लीभर ऐकू जात असेल, जाऊ दे. "तुम्हाला एकदाच झालं ना हे? एकदाच ना? मग हिला रोज कशासाठी?"

काकी माझ्याकडं बघत नव्हत्या, सासूबाईंकडं बघत होत्या. सासूबाई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या, उत्सुक, थोड्या हसऱ्या. आपण दोन घटकांपूर्वी याच जमिनीवर कपाळ घासलं होतं याचा त्यांना पत्ता नव्हता. कुंकवाचे डाग मात्र फरशीवर होते. काकींनी परात खाली ठेवली.

"न्हाई आले अजून," त्या म्हणाल्या. "दौरा लांबलाय म्हणे. येतील."

"येऊ दे सावकाश," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही घ्या ना वडा."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. मी भांडायच्या तयारीनं बाहेर आले. त्या म्हणाल्या, "जेवलीस का?" "जेव आणि पड जरा. मी बसते हिच्यापाशी." एवढंच. काल चुकलं बिकलं असलं काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मी आत जाऊन जेवले आणि अशी झोपले की दिवेलागणीला उठले. कितीतरी महिन्यांत मी कूस न बदलता झोपले नव्हते.

मग त्या रोज यायला लागल्या. मदत कशी असते ते मला तेव्हा कळलं. त्यांनी मला काहीही शिकवलं नाही. ब्राह्मी सांगितली नाही, पुण्य लागेल म्हणाल्या नाहीत, तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं असंही म्हणाल्या नाहीत. असल्या शाबासकीनं पाठीवरचं ओझं हलत नाही, उलट माणूस तिथंच जखडून जातं. काकी फक्त यायच्या आणि माझी दुपार मला परत द्यायच्या. सासूबाई त्यांनाही चोर म्हणाल्या एकदोनदा. काकी म्हणायच्या, "हाव, मीच नेली वाटी. उद्या आणून देते." असं खोटं त्या माझ्याहून झोकात बोलायच्या.

काकींनीच बाजू बदलल्यावर गल्ली काय करणार? हळूहळू सगळ्याच बायका दौऱ्याचं बोलायला लागल्या. त्यातही एकमत नाही! एकीनं सांगावं मामंजी धर्माबादला आहेत, दुसरीनं सांगावं मुखेडला. सासूबाई चिडायच्या, "सायबाला काही कळतंय का? या वयात एवढं फिरवायचं माणसाला!" मग आम्ही सगळ्याजणी त्या न दिसणाऱ्या साहेबाला शिव्या द्यायचो. मनापासून द्यायचो. बिलोलीत तेव्हा साहेब लोकांना मोठ्यानं शिव्या देण्याची दुसरी सोय नव्हती.

एका दुपारी मी उठले होते पण पडूनच होते. ओसरीवरचं बोलणं ऐकू येत होतं. सासूबाई काकींना विचारत होत्या, "तुमचे हे कुठं असतात? कधी दिसले न्हाईत."

मला वाटलं, आता काकी उठून जातील. मग त्यांचा आवाज आला. "तेही दौऱ्यावरच गेलेत."

"लई दिवस झाले का?"

"लई दिवस झाले."

"येतील, येतील," सासूबाई म्हणाल्या. "पुरुषांचं असंच असतं."

मी चादर तोंडावर ओढली. बाहेर गेले नाही. तिथं माझं काही काम नव्हतं.

सासूबाई थंडीच्या दिवसांत गेल्या. शेवटी खाणं सुटलं, बोलणं सुटलं, फक्त सकाळी कुंकू लावताना कपाळ वर करायच्या. पहाटे गेल्या. कपाळावर आदल्या दिवशीचं कुंकू होतं. मी त्यांना न्हाऊ घातलं, पेटीतलं हिरवं लुगडं काढून नेसवलं, हातात हिरव्या बांगड्या घातल्या. सवाष्ण गेली की आमच्याकडं कपाळभर मळवट भरतात आणि बायका तिची ओटी भरतात. मी तांदूळ, नारळ, खण असं ताट मांडलं.

गुरुजी तेच. दारातूनच म्हणाले, "हे काय? नवरा आधी गेलेला. हे सगळं उतरवा."

"उतरवणार नाही," मी म्हणाले.

"मग मी मंत्र म्हणणार नाही."

यजमान माझ्याकडं बघत होते. या वेळी त्यांची नजर वेगळी होती. म्हणाले, "ती म्हणते तसंच होईल." गुरुजी बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

गल्लीतल्या बायका अंगणात उभ्या होत्या. दौऱ्याच्या गोष्टी सांगणाऱ्या, साहेबाला शिव्या देणाऱ्या, सगळ्या. पण घरात खोटं बोलणं वेगळं आणि मढ्यापुढं, गुरुजींच्या देखत, हातानं ते करणं वेगळं. एकही पुढं आली नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण तेव्हा दिला, मनातल्या मनात जळजळीत दिला. एकटीनंच मूठभर तांदूळ ओटीत घातले. ओटी काही एकट्या बाईनं भरायची गोष्ट नाही.

तेवढ्यात काकी गल्ली ओलांडून आल्या. तांबडं आलवण डोक्यावरून घट्ट घेतलेलं. सवाष्णीच्या ओटीला विधवेनं समोर यायचं नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? गुरुजी ओट्यावरून उठून उभे राहिले, बरं झालं, एक तरी शहाणं माणूस आलं अशा चेहऱ्यानं. काकी उंबऱ्यापाशी थांबल्या. सासूबाईंच्या मळवटाकडं पाहिलं आणि अंगणाकडं वळल्या.

"काय बघून राहिल्यात?" त्या बायकांवर खेकसल्या. "सवाष्ण चाललीय दारातून. ओट्या भरा."

पहिली बाई हलली, मग दुसरी. मग ताटात तांदूळ पुरेनात. कोणीतरी पळत घरी जाऊन आणले. हिरव्या लुगड्यावर तांदळाचा ढीग झाला, आणि एकेक बाई वाकून सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवून निघाली. काकी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी कशालाही हात लावला नाही. गुरुजींनी मंत्र म्हटले. न म्हणून जातात कुठं!

पुरुष सासूबाईंना घेऊन गेले. घर धुऊन झालं. मी आतल्या खोलीत नुसत्या जमिनीवर आडवी झाले. रडू येत नव्हतं, झोप येत होती. सासू गेली त्या दिवशी सून झोपली, हे गल्लीला वर्षभर पुरलं असतं. दुपारी आसपासच्या गावांतून भेटायला बायका आल्या. त्यांची कुजबुज दारापर्यंत आलेली मला झोपेतच कळली. सून कुठाय, रडत कशी नाही, तिला बाहेर बोलवा. मी उठायला लागले.

उंबऱ्यात काकी बसल्या होत्या, माझ्याकडं पाठ करून, दोन्ही चौकटींना हात लावून.

"ती झोपलीय," त्या म्हणाल्या. "कुणी उठवायचं न्हाई तिला."